ध्येय एक, राज्ये दोन

बिदरहून निघालेली रेल्वे भालकी, कमलनगर मागे टाकून उदगीरला पोहोचते, तोवर राज्य बदललेलं असतं. खिडकीबाहेर मात्र तीच काळी जमीन, तेच सोयाबीन, तीच तूर. १९५६ ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. सोयरिकी आजही सीमा न पाहता जुळतात. बसवकल्याणच्या घरात उमरग्याची सून असते, आळंदच्या घराचे पाहुणे अक्कलकोटला आणि सोलापूरला असतात. दहावीतल्या मुलासाठी मात्र ही सीमा खरी आहे. अलीकडे, कर्नाटकात, दहावीची एसएसएलसी, बारावीची पीयूसी आणि प्रवेशासाठी केसीईटी. पलीकडे, महाराष्ट्रात, एसएससी, एचएससी आणि एमएचटी-सीईटी. दोन्हीकडचे नियम वेगळे, दाखले वेगळे, तारखा वेगळ्या.

विद्यार्थ्यांनी ध्येय कसं ठरवावं, यावर मराठीत भरपूर बोललं जातं. स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणे सांगतात, स्वप्न मोठं ठेवा, वेळापत्रक भिंतीवर लावा, मोबाइल लांब ठेवा. यात चुकीचं काही नाही. पण रस्ता आधीच आखलेला आहे, फक्त चालण्याची जिद्द हवी, असं हा उपदेश धरून चालतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदकडच्या मराठी मुलांसमोर रस्ताच आखलेला नसतो. माझं म्हणणं असं की इथल्या मुलांत जिद्दीची कमतरता नाही. वेळेवर मिळणारी माहिती आणि तिच्यावर बेतलेलं नियोजन कमी पडतं, आणि ही उणीव मुलाने एकट्याने भरून काढावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

परिस्थिती किती बिकट आहे, ते आकड्यांवरून कळतं. २०२५ च्या एसएसएलसीत दक्षिण कन्नड जिल्ह्याचा निकाल ९१.१२ टक्के लागला आणि कलबुर्गी ४२.४३ टक्क्यांवर राज्यात शेवटचा राहिला. परीक्षागृहांत कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झाल्यापासून निकालांचं खरं चित्र अधिक उघडं पडलं, हेही खरं. प्रादेशिक असमतोलावरच्या डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली कर्नाटकातले ३९ तालुके अतिमागास ठरवले. त्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) विभागातले होते. तेव्हा ‘आमची मुलं अभ्यास करत नाहीत’ एवढं म्हणून हा विषय संपत नाही.

मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली एका निबंधात मांडलं होतं की आकांक्षा बाळगणं हीसुद्धा एक क्षमता आहे आणि समाजात ती सारखी वाटलेली नसते. ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं, त्यांना कुठल्या परीक्षेनंतर कुठलं दार उघडतं, एक दार बंद झालं तर दुसरं कुठे आहे, हे बोलता बोलता कळत जातं. गरिबाच्या मुलाकडे स्वप्न असतं, पण ते आणि आजचा दिवस यांच्यामधल्या पायऱ्या त्याला कुणी दाखवलेल्या नसतात. ‘काय व्हायचंय?’ असं कुठल्याही खेड्यातल्या आठवीच्या वर्गात विचारा. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर अशी उत्तरं पटापट येतील. ‘त्यासाठी पुढच्या वर्षी काय करायचं?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

संशोधन याबद्दल काय सांगतं, हे पाहण्यासारखं आहे, कारण ते आपल्या समजुतींना थोडा धक्का देतं. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं की ‘जमेल तेवढं करू’ म्हणणाऱ्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट ठेवणारा जास्त काम करतो. यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की टक्केवारी ठरवून भिंतीवर लिहिली की झालं. पण अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सुमारे चार हजार विद्यार्थ्यांवर झालेला, २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वेगळंच सांगतो. अमुक ग्रेड मिळवायचीच, असं ध्येय ठेवणाऱ्यांना फारसा फायदा झाला नाही. इतक्या सराव परीक्षा सोडवायच्या, असं कामाचं ध्येय ठेवणाऱ्यांचे गुण मात्र वाढले. टोरंटोत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून ध्येयं नुसती लिहून घेतली आणि आठवणीचे संदेश पाठवले. गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. गुण हे आपल्या हातात पूर्ण नसतात. आज संध्याकाळी किती गणितं सोडवायची, हे असतं. ‘नव्वद टक्के’ लिहिलेला कागद रोज पाहून मुलाची धास्तीच वाढते.

दुसरा धडा वेळेच्या अंदाजाचा. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल, असं विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले ५५. माणूस आपल्या कामाचा वेळ नेहमी कमी धरतो. म्हणून वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवावे लागतात. आपल्याकडे तर ते फारच लागतात, कारण आपलं वर्ष शाळेच्या कॅलेंडरवर चालत नाही, शेतावर चालतं.

सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे सहामाहीच्या आसपास आणि दसऱ्याच्या सुटीत. तूर डिसेंबर-जानेवारीत हाताशी येते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण तीच तूर झोडायच्या दिवसांत दहावीची प्रिपरेटरी, म्हणजे पूर्वपरीक्षा, तोंडावर आलेली असते. ज्या घरात मजूर लावायची ऐपत नाही, तिथे मुलगा-मुलगी रानात जाणारच. मग जूनमध्ये वहीच्या पहिल्या पानावर ‘रोज चार तास’ असं लिहिलेलं वेळापत्रक ऑक्टोबरात मोडतं, मुलाला अपराधी वाटतं आणि तो वहीच बंद करतो. भालकीच्या एखाद्या मुलीने असं लिहून पाहावं: जून ते सप्टेंबर गणिताची अर्धी प्रकरणं; काढणीचे तीन आठवडे रात्री फक्त अर्धा तास आणि तोही पाठ केलेलं पुन्हा आठवण्यासाठी; नोव्हेंबरात जुन्या प्रश्नपत्रिका; तुरीच्या दिवसांत पुन्हा अर्धा तास. हे कमी दिसतं, पण पाळता येतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासांतूनही हेच दिसतं की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा प्रसंगाला बांधलेला संकल्प मोघम निश्चयापेक्षा जास्त टिकतो. ‘रोज अभ्यास करीन’पेक्षा ‘भांडी झाली की ओट्यावर बसून पाच गणितं सोडवीन’ हा संकल्प टिकेल.

आता भाषेकडे येऊ, कारण सीमाभागात नियोजनाची खरी परीक्षा तिथे आहे. इथल्या मराठी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय १९०७ सालचं, निजामी काळातलं. त्या काळात सरकारदरबारी उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं. मराठी, कन्नड, तेलुगू घरांतल्या मुलांना वरच्या शिक्षणासाठी परकी भाषा ओलांडावी लागे. याच भागात भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी शाळेवर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवलं, ही गोष्ट इथे घरोघरी सांगितली जाते. मुलाने आपल्या भाषेत शिकावं, म्हणून दोन्ही भाषांच्या माणसांनी किती धडपड केली, हे विसरता कामा नये.

आजच्या मराठी माध्यमाच्या मुलाला एक नव्हे, दोन भाषा ओलांडायच्या असतात. अकरावीला विज्ञान घेतलं की पुस्तक इंग्रजीत आणि वर्गात समजावणं बऱ्याचदा कन्नडमध्ये. दहावीला विज्ञानात उत्तम गुण असलेली मुलं पीयूसीच्या पहिल्या तीन महिन्यांत मागे बसू लागतात, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. ज्या गोष्टी त्यांना येतात, त्यांचीच नावं त्यांना ओळखू येत नाहीत. यावरचा उपाय अकरावीत करायचा नसतो. आठवीपासून विज्ञानाच्या प्रत्येक धड्याच्या शेवटी महत्त्वाच्या संज्ञा इंग्रजीत लिहून ठेवायच्या, एवढी एक सवय दोन-तीन वर्षांत दरी बरीच भरून काढते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मराठीतूनही देता येते, पण वैद्यकीयचा अभ्यासक्रम पुढे इंग्रजीतच आहे. म्हणून मराठीतून पेपर देणाऱ्यानेही संज्ञांची ही वही करावी.

कन्नडबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकात पहिलीपासून कन्नड शिकणं सक्तीचं झालं. आपल्यापैकी अनेकांच्या मनात सीमाप्रश्नाची जुनी जखम आहे आणि ती खरी आहे. पण कन्नड टाळणारा मुलगा स्वतःचीच दारं बंद करतो. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या अनेक भरत्यांत, शाळेत कन्नड मुख्य भाषा नसलेल्या उमेदवाराला १५० गुणांचा सक्तीचा कन्नड पेपर द्यावा लागतो आणि त्यात किमान ५० मिळवावे लागतात. त्या पेपरात अडलेल्याचे बाकीचे गुण कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही. मराठीवरचं प्रेम आणि कन्नडवरची पकड ही दोन्ही एका घरात नांदू शकतात. आपल्या आजी-आजोबांच्या बाजारात ती नांदतच होती.

आणि आता कागद. या भागातल्या विद्यार्थ्याच्या नियोजनात सर्वांत कमी बोललं जाणारं आणि सर्वांत जास्त ठरवणारं हेच प्रकरण आहे. ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३७१(जे) इथल्या मुलांसाठी फार मोठा आधार आहे. २०१३ च्या आदेशांनुसार या विभागातल्या उच्च शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांसाठी आणि राज्यातल्या इतर संस्थांत ८ टक्के जागा राखीव आहेत. नोकऱ्यांतही असंच आरक्षण आहे. बिदरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, भालकीचं भीमण्णा खंड्रे अभियांत्रिकी महाविद्यालय, कलबुर्गीचं पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय ही सगळी घराजवळची दारं आहेत. मात्र सहायक आयुक्तांकडून मिळणारं स्थानिकत्वाचं प्रमाणपत्र हातात नसेल, तर या टक्केवारीला अर्थ नाही. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) जात-उत्पन्नाचा दाखला, शाळेतून स्टडी सर्टिफिकेट, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) ऑफिसची सही: ही धावपळ बारावीच्या निकालानंतर, समुपदेशनाच्या आठवड्यात सुरू करणारी कुटुंबं दरवर्षी दिसतात.

केसीईटीतला साधा नियम असा की पहिली ते बारावीदरम्यान किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण असावी. म्हणजे दहावीपर्यंत औरादला शिकून अकरावीला लातूरला गेलेला मुलगा कर्नाटकच्या जागांना मुकत नाही. पण चांगली शाळा म्हणून पाचवीतच उदगीरला मामाकडे ठेवलेला मुलगा या नियमात बसत नाही. मग नियमावलीतल्या इतर कलमांचा आधार शोधावा लागतो. खेड्यात पहिली ते दहावी पूर्ण करणाऱ्याला १५ टक्क्यांचा ग्रामीण कोटा आहे. आठवीला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं की तो हातचा जातो. शहराची शाळा वाईट असं मी म्हणत नाही; पण काय सोडून काय घेतोय, हे माहीत असून घ्यावं. कन्नड माध्यमासाठीचा ५ टक्के कोटा मात्र मराठी माध्यमाच्या मुलाला मिळत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

पलीकडे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांसाठी वेगळी सोय आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना तिथल्या व्यावसायिक प्रवेशांत महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून वेगळ्या प्रकारात धरलं जातं. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला असेल तर तिथल्या सरकारी भरतीतही अर्ज करता येतो. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे अनेक पालकांना माहीतच नसतं. आणखी एक बारकावा इथल्या चालीरीतीतून येतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून इथली कितीतरी मुलं उदगीर, लातूर किंवा सोलापूरच्या दवाखान्यात जन्मलेली. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केली तर अभियांत्रिकीच्या प्रवेशात हा जन्मदाखलाही कामाला येतो. हा न्याय एकतर्फी नाही. कर्नाटकही अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत आणि गडहिंग्लजच्या कन्नड भाषिक मुलांना भाषेची चाचणी घेऊन अशीच सवलत देतं.

जातीच्या सवलती मात्र सीमा ओलांडत नाहीत. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३बी प्रवर्गात आहे; महाराष्ट्रात त्याची गणना वेगळ्या प्रवर्गात होते आणि कर्नाटकातला दाखला तिथे चालत नाही.

मोजणीही वेगळी आहे. कर्नाटकात अभियांत्रिकीची रँक ठरवताना केसीईटीचे निम्मे आणि बारावीच्या संबंधित विषयांचे निम्मे गुण धरतात. महाराष्ट्रात मुख्य भर एमएचटी-सीईटीवर. बारावीत पात्रतेपुरते गुण पुरतात. त्यामुळे लातूरला जाऊन फक्त प्रवेश परीक्षेच्या मागे लागलेला आणि बारावीकडे दुर्लक्ष करणारा भालकीचा मुलगा स्वतःच्या राज्यातली रँक गमावून बसतो. त्याच्यासाठी बारावीचा प्रत्येक गुण मोलाचा आहे, हे तिथल्या क्लासमध्ये त्याला कुणी सांगेलच असं नाही. तिथल्या शिक्षकांसमोर बहुतेक मुलं महाराष्ट्राची असतात.

लातूरचं नाव निघालंच आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयातून नावारूपाला आलेल्या ‘लातूर पॅटर्न’ची चर्चा बहुधा गुणवत्ता यादीच्या अंगाने होते. मला त्यातली मोलाची गोष्ट दुसरीच वाटते: अभ्यासक्रम लवकर पूर्ण करणं आणि मग एकामागून एक परीक्षा. स्मरणावरचं संशोधन, विशेषतः रोडिगर आणि कार्पिके यांचं २००६ चं काम, हेच सांगतं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने जास्त लक्षात राहतं. लातूरने हे सूत्र संस्थेच्या शिस्तीत उतरवलं. मुलाला रोज नव्याने निश्चय करायची गरज ठेवली नाही. बिदरला १९८९ साली अब्दुल कदीर यांनी सुरू केलेल्या शाहीन संस्थेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. मागे राहिलेल्या, अगदी मदरशातून आलेल्या मुलांसाठी तिने पायाभूत शिक्षणाचा ‘अकॅडमिक इंटेन्सिव्ह केअर युनिट’ हा वेगळा कार्यक्रम उभा केला. मूल आज कुठे आहे ते मोजून तिथून सुरुवात करणं, हे अनेक मोठ्या क्लासना जमलेलं नाही.

लातूरला जाणं सगळ्यांना परवडत नाही, आणि परवडलं तरी ते सगळ्यांनी करावं असं मला वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षांचं मूल खोली करून एकटं राहतं, डबा लावतं, पहिल्या चाचणीत मागे पडतं आणि घरी सांगत नाही. अकरावीला कुठे पाठवायचं हे ठरवताना फीइतकाच विचार या एकटेपणाचाही करावा. बाहेर न जाता भालकी, बसवकल्याण, कलबुर्गीत राहूनही सरावाची शिस्त लावता येते: जुन्या प्रश्नपत्रिका, चार मैत्रिणींचा गट आणि दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर. याला पैसा जवळजवळ लागत नाही.

मुलींचं नियोजन तर अजूनही शेवटच्या बसवर ठरतं. जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि औराद तालुक्यातल्या मुलीला बिदरचं कॉलेज हाताशी आलं. पण ही सवलत राज्याच्या आत आहे. सीमा ओलांडून जायचं तर बऱ्याचदा तिकीट काढावं लागतं. अंतराने जवळचं गाव खर्चाने लांब होतं. म्हणून मुलींच्या पालकांशी बोलताना आधी बसची वेळ, होस्टेलचं दार, परतीची सोय यांवर बोलावं. करिअरच्या गोष्टी त्यानंतरच ऐकू जातात.

एक दिलासा अलीकडचा आहे. २०२४ पासून कर्नाटकात एसएसएलसी आणि दुसऱ्या पीयूसीच्या वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात आणि चांगले गुण धरले जातात. एका विषयात राहिलं म्हणून वर्ष वाया जात नाही. ज्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक मुलं पहिल्या परीक्षेत नापास होतात, तिथे निकालाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेने त्या मुलांना बोलावून दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरून घेतला पाहिजे. तो आठवडा हुकला की मूल बंगळूर-पुण्याच्या कामावर निघून जातं आणि परत शाळेकडे वळत नाही.

हे सगळं एका मुलाने, एका अडाणी बापाने किंवा दिवसभर रानात असणाऱ्या आईने शोधून काढावं, ही अपेक्षा चूक आहे. दोन्ही राज्यांच्या नियमांची माहिती एकत्र देणारी एकही खिडकी तालुक्याच्या गावात नाही. ते काम आज मराठी शाळांमधले काही शिक्षक स्वतःच्या वेळात, स्वतःच्या मोबाइलवर करतात. सीमाभागाच्या नावाने भाषणं करणाऱ्या दोन्हीकडच्या संस्थांनी यात पैसा घालावा. प्रत्येक तालुक्यासाठी एक पान पुरे: मराठीत आणि कन्नडमध्ये, दरवर्षी मे महिन्यात तपासून नवं केलेलं. त्यात गावाचं नाव ८६५ च्या यादीत आहे की नाही, कुठला दाखला कुठून आणि कोणत्या महिन्यात काढायचा, कोणत्या वर्गात शाळा बदलली तर काय गमावतं, ही माहिती असावी. ते पान आठवीच्या पालकांच्या हातात पडायला हवं, दहावीच्या नव्हे. कारण राष्ट्रीय आर्थिक दुर्बल गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत राहून ती मिळवणाऱ्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्या पानावरची पहिली तारीख या अर्जाची असावी.